स्विफ्टला ७ जे ॲलॉय बसवले, पुढचे टायर शॉकअपला घासतात. स्पेसर टाकू का?

फुलेवाडी_स्विफ्ट
नमस्कार मंडळी. गाडी २०१९ ची स्विफ्ट. कंपनीचे रिम १५ इंची, ५.५ जे (म्हणजे रुंदी साडेपाच इंच) होते. आता १५ इंची ७ जे ॲलॉय घेतले, ऑफसेट ४२ (रिमच्या मधल्या रेषेपासून गाडीला टेकणारा फेस किती एमएम बाहेर ते), टायर १९५/६० आर १५. पुढच्या दोन्ही टायरना आतल्या बाजूनं शॉकअपच्या नळीचा काळा चकचकीत पट्टा उमटलाय.

दुकानदार म्हणतो स्पेसर म्हणून रिमच्या मागं १० एमएमची सपाट प्लेट टाकू, पाच मिनिटांचं काम. दुसऱ्यानं २० एमएमचा स्वतःचे स्टड (ज्यावर चाकाचे नट लागतात ते आटेवाले दांडे) असलेला स्पेसर सांगितला. मित्र म्हणतो पैसे कशाला घालवतोस, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर प्लेट टर्न करून घे. रविवारी घरचे पाचजण घेऊन गगनबावड्यावरून वैभववाडीला मामाकडे जायचंय. काय करू?

लेथवाला_उद्यमनगर
भावा, ती सपाट प्लेट टाकून घाटात उतरू नकोस. कारण सांगतो.

स्विफ्टचा स्टड १२ एमएमचा, पिच १.२५. म्हणजे नट एक फेरा फिरला की सव्वा एमएम आत जातो. १० एमएमची प्लेट मध्ये आली की आठ फेरे गेले. नटाची पकड निदान स्टडच्या जाडीएवढी पाहिजे, म्हणजे १२ एमएम, साधारण दहा फेरे. आज घरी पान्यानं नट सोडव, मग हातानं फिरवत किती फेऱ्यांत बाहेर येतो ते मोज. त्यातून आठ वजा कर आणि उरलेला आकडा इथं लिही.

दुसरी गोष्ट सेंटरची. हबच्या (गाडीचा जो भाग चाक धरतो त्याच्या) मधोमध जी गोल कॉलर पुढं आलेली असते तिच्यावर रिम बसतं, स्विफ्टला ती ५४.१ एमएम. सपाट प्लेट ती कॉलर झाकून टाकते. मग रिमला मध्यभागी धरायला फक्त नटांचे कोन उरतात. नट थोडे मागंपुढं आवळले गेले की चाक एका बाजूला बसतं आणि ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं. लोक बॅलन्सिंग करून करून दमतात, दोष बॅलन्सिंगचा नसतोच. स्पेसरला आत ५४.१ चा बोअर (मधलं गोल भोक) आणि बाहेर स्वतःची कॉलर दोन्ही हवेत. तीन सुताच्या प्लेटमध्ये ते बसवायला मटेरियलच उरत नाही.

चाक स्टडवर लटकलेलं असतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. नट आवळल्यावर रिम आणि हबचे फेस एकमेकांवर जे दाबले जातात, त्या दाबानं चाक जागेवर राहतं. म्हणून हबच्या फेसवर गंज नको, रंग नको, ग्रीसचा थर नको. मध्ये काही राहिलं तर चार दिवसांत ते दबतं आणि नट ढिला होतो.

उद्यमनगरात टर्न करून मिळेल का? मिळेल, मी स्वतः करतो. पण कागदावर माप लिहून आणलंस तर करणार नाही, गाडी आण, हब मोजू. आणि माल ६०६१ टी६ या मजबूत ॲल्युमिनियमचा बार पाहिजे. कोल्हापूरच्या ओतकामाचा मला अभिमान आहे, पण भंगारातलं ॲल्युमिनियम ओतून केलेली चकती चाकाखाली मी घालणार नाही. आत हवेची छिद्रं राहिलेली वरून दिसत नाहीत.

शिरोली_एमआयडीसी
२० एमएमवाल्याचंही बघा. तो आधी हबवर स्वतःच्या नटांनी आवळतात, मग रिम त्याच्या स्टडवर. गाडीचा मूळ स्टड २० एमएमपेक्षा लांब असेल तर टोक बाहेर येऊन रिमच्या मागच्या फेसला भिडतं. रिमला मागं खड्डे असतील तर चालतं, नाहीतर रिम टेकतच नाही आणि नट मात्र घट्ट लागल्यासारखा वाटतो. यावर काहीजण स्टड कापतात. कृपा करून ते करू नका.

अजून एक, ह्युंदाईचा नट १२ बाय १.५ असतो. डब्यातून उचलून इम्पॅक्ट गननं मारला की स्विफ्टच्या स्टडचे आटे गेलेच. पहिले काही फेरे हातानंच लावायला सांगा.

फुलेवाडी_स्विफ्ट
दादा, मोजले. नवीन ॲलॉयवर नट अकरा फेऱ्यांत सुटतो. म्हणजे प्लेट टाकली तर तीनच उरतात. लांब स्टड टाकले तर?

लेथवाला_उद्यमनगर
तीन फेऱ्यांवर गाडी गल्लीतही फिरवू नकोस.

लांब स्टड हा खरा उपाय आहे. मात्र डोक्याखालच्या दात्यांचं माप जुन्याशी जुळलं पाहिजे आणि ते प्रेसवर बसवायचे. नट आवळून ओढून घेतला तर डोकं पूर्ण टेकत नाही, पुढं सैल होतं.

पण तुझ्या गाडीला मी हेही सुचवत नाही. ५.५ वरून ७ जे म्हणजे दीड इंच, ३८ एमएम. ऑफसेट तोच धरला तरी १९ आत, १९ बाहेर. आतले १९ च तुला घासतायत. ते टाळायला १० बाहेर ढकललंस की बाहेरची बाजू २९ एमएम पुढं येते, इंचाहून जास्त. पाच माणसं बसल्यावर खड्ड्यात मडगार्ड टायरला चाटणार, बेअरिंगवर जादा ताण, स्टिअरिंग जड. एक चूक लपवायला तीन नव्या घेतोयस.

दुकानदाराकडं परत जा आणि ६ जे माग. ५.५ पेक्षा ते दोन्हीकडं जेमतेम सहा-सहा एमएम वाढतं. टायर तोच बसेल.

रंकाळा_ड्रायव्हर
दादांशी सहमत. विम्याचंही बघ भावा. ॲलॉय पॉलिसीत नोंदवले नसतील आणि वर स्पेसर निघाला, तर क्लेमच्या वेळी सर्वेअर पहिला त्यावर बोट ठेवतो.

फुलेवाडी_स्विफ्ट
दुकानदार ६ जे बदलून द्यायला तयार झाला, वरचा फरक मी देतोय. माल पुढच्या आठवड्यात येईल. रविवारी कंपनीचे रिम लावूनच जातो. त्यानं सांगितलं नव्या रिमचा बोअर ७३.१ आहे, चालेल ना?

लेथवाला_उद्यमनगर
चालेल, पण ७३.१ ते ५४.१ ची सेंटर रिंग (हबची कॉलर आणि रिमचा बोअर यांमधली फट भरणारी) चारही चाकांना घाल. नटाचा कोन रिमच्या खड्ड्याशी जुळतो का ते बघ, गोल बुडाचा नट कोनाच्या खड्ड्यात चालत नाही. हबचा फेस वायर ब्रशनं घासून घे. नट समोरासमोरचे आवळत टॉर्क पान्यानं मॅन्युअलमधल्या आकड्यावर आण, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की गाडी थंड असताना पुन्हा तपास. टॉर्क पाना नसेल तर माझ्याकडं ये, पैसे नको. येताना रिंगा घेऊन ये, बोअर व्हर्निअरनं मोजूनच बसवू.