मदत हवी आहे : सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) असताना विद्यार्थी साहाय्य कक्ष घ्यावा का?

वाडीकर_सिंधुदुर्ग: सीएचबीवर शिकवतो. एफवायची (पहिल्या वर्षाची) मुलं मध्येच सोडून जातात, म्हणून प्राचार्यांनी साहाय्य कक्ष बघायला सांगितलाय, तोंडी. यातून पुढे प्रशासनात करिअर होतं का? शुक्रवारपर्यंत होय-नाही कळवायचंय. लवकर सांगा.

पावशीकर: नेट-सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) झालीय? विषय? कॉलेज अनुदानित की विनाअनुदानित? एवढं तरी लिहा.

रेवदंडा: कक्ष सोडा, पीएचडीला लागा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीत कॉलेजच्या प्राध्यापक भरतीत उमेदवारांच्या छाननीला पीएचडीचे २५ गुण, नेटचे ८, सेटचे ५.

पावशीकर: @रेवदंडा पीएचडी कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षं. सेट एका दिवसाची: दोन पेपर, ३०० गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. आधी पात्रता, मग गुणांची बेरीज.

वाडीकर_सिंधुदुर्ग: एम.कॉम., ५८ टक्के. सेट दिलेली नाही. अनुदानित. पण मी कक्षाचं विचारतोय!

बांदा_नाका: गोवा जवळ आहे, तिकडे बघा. आपली सेट तिथेही चालते.

पावशीकर: सेट चालते, पण सरकारी कॉलेजला १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोकणी लागते. त्यांनी गोव्याचं विचारलेलंच नाही.

माजगाव_०७: कक्षाबद्दल लिहितो. अनुदानित कॉलेजात या कामाचं वेगळं मंजूर पद नसतं. पूर्णवेळ नोकऱ्या खासगी विद्यापीठांत, म्हणजे पुण्या-मुंबईकडे. इथे हे काम नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) निकष ५, म्हणजे विद्यार्थी साहाय्य, यासाठी मोजलं जातं, तुमच्या बिलात नाही. सीएचबीचं बिल घेतलेल्या तासांचंच निघतं. म्हणून जावक क्रमांक असलेलं लेखी पत्र घ्या: कक्षाचं नाव, कधीपासून, आठवड्याचे तास किती, मानधन कोण देणार.

घेतलंत तर पहिले ४-५ आठवडे सोडू नका, गळती तिथेच सुरू होते. मेंटॉर वहीत (आपल्याकडे सोपवलेल्या मुलांच्या नोंदवहीत) नाव-रोल नंबरवर थांबू नका. गाव, परतीची शेवटची एसटी, दिलेला मोबाइल मुलाचा की वडिलांचा, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठल्या लॉगिनला (कोणाच्या मंजुरीला) अडकलाय, हे रकाने हवेतच. मग हजेरीपट विषयवार लावून बघा. एकाच विषयाला तीच ८-१० मुलं गैरहजर असतील आणि तो तास सव्वाचारला सुटत असेल, तर चारची गाडी कोणाची ते वहीत सापडेल. तिथे मुलांना बोलून उपयोग नाही, वेळापत्रकातला तो तास वर घ्यावा लागतो.

महाडीबीटीचे (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचे) पैसे आले नाहीत म्हणूनही मुलं थांबतात. अर्ज मंजूर दिसतो, पण रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि ते बरेचदा शाळेत असताना उघडलेलं, बंद पडलेलं खातं असतं. बँकेत आधार जोडणी तपासून घ्या, नवीन अर्ज भरू नका.

रेवदंडा: हे सगळं क्लार्कचं काम आहे.

माजगाव_०७: क्लार्कसमोर अर्ज असतो, मूल गैरहजर आहे हे त्याला कळणार कसं?

पावशीकर: घ्या, पण आठवड्याला ४ तासांवर नको. सेटला रोज २ तास राहायला हवेत.

वाडीकर_सिंधुदुर्ग: पत्र मागितलं. "नंतर बघू" म्हणाले. आता?

माजगाव_०७: तुम्हीच अर्ज द्या: "आपल्या तोंडी सूचनेनुसार अमुक तारखेपासून आठवड्याला ४ तास काम सुरू करण्यास तयार आहे, आदेश मिळावा." दोन प्रती करा. आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा.