मदत हवी आहे : अर्गो सीडीमध्ये अर्धवट अडकलेले अपग्रेड सुरक्षितपणे मागे कसे घ्यावे?

नमस्कार. आमचे अ‍ॅप्लिकेशन कुबरनेटीस क्लस्टरवर (कंटेनर चालवणाऱ्या सर्व्हरांच्या समूहावर) चालते. त्याची अपेक्षित स्थिती गिट रिपॉझिटरीत (बदलांचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात) असून अर्गो सीडी हे डिप्लॉयमेंटचे साधन ती प्रत्यक्ष स्थितीशी सतत ताडून पाहते. ऑटो-सिंक (गिटमधला बदल आपोआप लागू करणे) आणि सेल्फ-हील (क्लस्टरमध्ये थेट केलेला बदल पुसून गिटमधली स्थिती परत आणणे) दोन्ही चालू आहेत. डेटाबेसचे मायग्रेशन (त्याच्या रचनेतील बदल) प्री-सिंक हुकमधील, म्हणजे सिंकच्या आधी धावणारा, जॉब करतो आणि तो यशस्वी झाल्यावरच नवे पॉड (अ‍ॅप्लिकेशनच्या चालत्या प्रती) तयार होऊ लागतात.

अडचण त्यानंतरची आहे. नवे पॉड रेडिनेस प्रोबमध्ये (विनंत्या घेण्यास तयार आहेत का या तपासणीत) अपयशी ठरले, तर रोलिंग अपडेट, म्हणजे पॉड टप्प्याटप्प्याने बदलणे, तिथेच थांबते. जुने पॉड विनंत्या हाताळत राहतात हे खरे, मात्र तोवर त्यांच्याखालचा स्कीमा (डेटाबेसची रचना) बदललेला असतो. प्रोग्रेस डेडलाइनची, म्हणजे अपडेट पुढे सरकण्यासाठीची, मूळ 600 सेकंदांची मुदत उलटली, तरी कुबरनेटीस डिप्लॉयमेंट अडल्याची केवळ नोंद करते, स्वतःहून मागे जात नाही. क्लस्टरमध्ये हाताने रोलआउट अनडू करून आधीची आवृत्ती आणली, तर सेल्फ-हील गिटमधली आवृत्ती पुन्हा लागू करते, आणि माझ्या मते त्याने तसेच वागायला हवे. गिटमधला कमिट रिव्हर्ट केला (नोंदलेला बदल उलटवला), तर प्री-सिंक जॉब जुन्या इमेजसह (अ‍ॅप्लिकेशनच्या जुन्या आवृत्तीच्या पॅकेजसह) पुन्हा धावतो, जिला नवा स्कीमा ठाऊकच नसतो.

सेल्फ-हील बंद करण्याची माझी इच्छा नाही. नवे स्तंभ आधीच्या रिलीजमध्ये जोडून जुने स्तंभ पुढच्या रिलीजमध्ये काढणे, हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. तो अवलंबणाऱ्यांनी मायग्रेशन हुकमध्येच ठेवले आहे, की त्यासाठी स्वतंत्र अ‍ॅप्लिकेशन केले आहे? आणि रिव्हर्टच्या वेळी जुना जॉब निरुपद्रवी राहावा, यासाठी नेमकी कोणती तपासणी ठेवली आहे?