फेरारी एफ80: 36 लाख युरो मोजून तोंडावर काळी पट्टी?

जुना_कार्ब्युरेटर (धागाकर्ता)

ऑक्टोबर 2024 मध्ये फेरारीने एफ80 दाखवली तेव्हा ठरवलं होतं की लगेच तोंड उघडायचं नाही. 2002 मध्ये फेरारीचीच एन्झो ही गाडी आली तेव्हा मी भरपूर नाकं मुरडली होती, आणि नंतर तेच शब्द गिळावे लागले. म्हणून या वेळी थांबलो. फोटो पाहिले, व्हिडिओ पाहिले, झोपून उठून पुन्हा पाहिले. मत तसूभर बदललं नाही. गाडी देखणी नाही.

मागून बघा, भव्य आहे, मान्य. बाजूनेही चालेल. पण समोर या. दोन्ही दिव्यांना जोडणारी ती काळी पट्टी! चेहरा कुठे आहे तेच कळत नाही. गाडीकडे पाहिल्यावर तिनेही आपल्याकडे पाहावं, एवढी तरी अपेक्षा असते ना. इथे गॉगल लावलेला माणूस समोर येऊन उभा राहिल्यासारखं वाटतं, बोलतोय की झोपलाय पत्ता नाही.

आणि या गाडीची किंमत 36 लाख युरो. त्यात इंजिन काय, तर तीन लिटरचं व्ही6. आधीच्या लाफेरारीत 6.3 लिटरचं व्ही12 होतं. सिलिंडर निम्मे झाले आणि किंमत दुपटीच्या वर गेली. कुणी मला समजावून सांगेल का?

वाऱ्याशी_गप्पा

सांगतो. पण आधी एक प्रश्न: तुम्ही गाडी बघताय की पोस्टर?

ताशी 250 किमीला ही गाडी 1050 किलोच्या जोराने जमिनीवर दाबली जाते. तिचं कोरडं (तेल-पाणी न भरता) वजन आहे 1525 किलो. रस्त्यावर नंबरप्लेट लावून फिरणाऱ्या गाडीबद्दल बोलतोय आपण. हा आकडा नुसता मागे फळी ठोकून येत नाही. पोटाखालून हवा नीट वाहावी म्हणून नाक उचललंय, ड्रायव्हरला जवळजवळ आडवं करून पाय वर घेतलेत, मागचा डिफ्युझर (पोटाखालची हवा बाहेर सोडणारा भाग) मोठा करता यावा म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्ससुद्धा किंचित कलते बसवलेत. एवढं केल्यावर गाडीचा आकार चित्रकाराच्या हातात फारसा राहत नाही. उरलेल्या जागेत फेरारीचे डिझाइनप्रमुख फ्लाव्हिओ मान्झोनी यांच्या चमूने जे केलंय ते मला तरी कमाल वाटतं.

आणि पट्टीचं म्हणाल तर ती आकाशातून पडलेली नाही. फेरारीचीच 1968 ची डेटोना आठवा. सुरुवातीच्या गाड्यांना नाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पारदर्शक पट्टी होती आणि दिवे तिच्या आत. अमेरिकेच्या नियमांमुळे ती गेली आणि नाकातून वर उघडणारे दिवे आले. ही पट्टी त्या घराण्यातलीच आहे.

रेषा_आणि_रंग

वारा, डेटोनाची साक्ष काढलीत म्हणून बोलतो. डेटोनाची पट्टी पारदर्शक होती. आत दिवे दिसायचे, म्हणजे डोळे दिसायचे. इथे उलटं आहे, पट्टी डोळे झाकायला वापरलीय. नाव एक, काम विरुद्ध.

दुसरं म्हणजे हीच पट्टी त्याच वर्षी, मे 2024 मध्ये, फेरारीच्या 12चिलिंद्रीवर आली. ती लांब बोनेटची, पुढे इंजिन असलेली निवांत गाडी, तिच्यावर डेटोनाची आठवण शोभते. मग एफ80 वर आली, जिचं इंजिन पाठीमागे आहे आणि जिचा डेटोनाशी काडीचा संबंध नाही. मग सप्टेंबर 2025 मध्ये 849 टेस्टारोसावर. आता ही आठवण राहिली नाही, गणवेश झाला. जी गोष्ट सगळ्यांत महाग गाडीवर आहे तीच तिच्या आठव्या हिश्श्याच्या किमतीच्या गाडीवर असेल, तर 36 लाख देणाऱ्याने वेगळं काय घेतलं?

व्ही12_नाहीतर_बस

+१ रेषा.

आणि आवाजाबद्दल कुणी बोलणारच नाही का? दिसण्याचं जाऊ दे, दिसणं सवयीने गोड होतं. आवाज नाही होत.

हिशेबी

मी कोष्टक मांडून बघणारा माणूस, सौंदर्यातलं मला कळत नाही. पण हे बघा. 12चिलिंद्री 2024 मध्ये आली तेव्हा इटलीत 3,95,000 युरोपासून सुरू होत होती. साडेसहा लिटरचं व्ही12, टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा पंखा) नाही, 830 अश्वशक्ती, 9500 आरपीएम. एका एफ80 च्या पैशात अशा नऊ गाड्या येतात आणि वर थोडे सुटे उरतात. नऊ! आठवड्यातल्या प्रत्येक वारी एक आणि दोन उसन्या द्यायला.

आता दुसऱ्या बाजूने. एफ80 बनणार 799. गुणाकार केला तर सुमारे 2.88 अब्ज युरो. त्यातला काही भाग कर, काही विक्रेत्यांचा, आणि गाड्या काही वर्षांत मिळून जाणार, हे धरूनसुद्धा आकडा मोठा आहे, कारण 2024 मध्ये कंपनीची सगळी मिळकत होती साधारण 6.7 अब्ज आणि गाड्या गेल्या 13,752. म्हणजे किंमत इंजिनाच्या सिलिंडरांवरून ठरलेली नाही. ती ठरते यादीवरून. कुणाला गाडी द्यायची हे कंपनी ठरवते, आणि जाहीर केली तेव्हाच सगळ्या गेलेल्या होत्या. ज्या मालासाठी गिऱ्हाईक रांगेत उभं राहून नकार ऐकतं, त्या मालाची किंमत जास्त आहे असं अर्थशास्त्रात तरी म्हणता येत नाही.

जुना_कार्ब्युरेटर

हिशेबी, अर्थशास्त्रात नाही, पण इथे म्हणता येतं. गिऱ्हाईक मिळालं म्हणजे किंमत रास्त झाली असं असेल तर चर्चाच संपली. मागे फेरारीने 399 एफ40 बनवल्या तेव्हासुद्धा…

हिशेबी

399 एन्झो होत्या. (अधिक एक, जी पोपना दिली आणि 2005 मध्ये मदतनिधीसाठी लिलावात गेली.) एफ40 1300 हून जास्त बनल्या. याच पंक्तीतल्या बाकीच्या फेरारी: लाफेरारी 499, अधिक एक. एफ50 349. 288 जीटीओ 272.

जुना_कार्ब्युरेटर

बरोबर, गोंधळ झाला. पण तुमच्याच आकड्यांनी माझं म्हणणं पक्कं होतं! एफ40 या सगळ्यांत ढीगभर बनली, तरी माणसं तिच्यासाठीच वेडी होतात. दुर्मीळ असणं आणि देखणं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेलकट_हात

एफ40 निघालीच आहे तर लिहितो. एका संग्रहालयात मी तिच्या दारापाशी अर्धा तास उभा होतो. दोरी ओलांडू देत नाहीत, पण वाकून बघता येतं. लाल रंग इतका पातळ मारलाय की तिरप्या उजेडात खालच्या कार्बन-केव्हलारची वीण दिसते, जुन्या सतरंजीसारखी. आतून दार उघडायला मूठ नाही, एक तार आहे, ओढायची. खिडकीची काच काच नाही, प्लास्टिक आहे, त्यात सरकणारा छोटा झरोका. गालिचा नाही, सांध्यांवर डिंकाचे फराटे तसेच. आजचा माणूस म्हणेल काम अर्धवट सोडलंय. पण त्या गाडीत खोटं काहीच नाही. वजन कमी करायचं होतं, केलं, आणि केलेलं लपवलं नाही.

आता याच नजरेने एफ80 बघा. मागच्या झाकणावर मधोमध सहा फटी आहेत, दर सिलिंडरमागे एक, गरम हवा बाहेर काढायला. आत ड्रायव्हरचं आसन लाल आणि शेजारचं काळं, भिंतीत विरून जाणारं. शेजारच्याला थोडं मागे सरकवलंय म्हणून केबिन अरुंद झाली आणि गाडीचं समोरचं क्षेत्रफळ घटलं. हे सगळं मला एफ40 च्याच जातीचं वाटतं. कारण आधी, रूप नंतर. त्यामुळे गाडी मला आवडते.

पट्टी नाही आवडत. पट्टीच्या बाबतीत मी रेषाच्या बाजूने. तिथे रूप आधी आलंय आणि कारण मागाहून शोधलंय.

वाऱ्याशी_गप्पा

तेलकट, सुंदर लिहिलंत. आता व्ही12 वाल्यांना विचारतो: 288 जीटीओमध्ये कोणतं इंजिन होतं? टर्बो व्ही8. एफ40? टर्बो व्ही8. ताशी 324 किमीची गाडी, संस्थापक एन्झो फेरारींनी जिवंतपणी मान्यता दिलेली शेवटची. तेव्हा कुणी म्हणालं का की बारा सिलिंडर नाहीत म्हणून ही खरी फेरारी नाही? प्रत्येक वेळी शर्यतीत त्या काळी जे चाललं तेच रस्त्यावर आणलंय. एफ50 ला व्ही12 मिळालं कारण फॉर्म्युला वनमध्ये तेव्हा व्ही12 होतं. आज फेरारीची शर्यतीची गाडी 499पी व्ही6 वर धावते आणि 2023, 2024, 2025 सलग तीनदा ल मांची 24 तासांची शर्यत जिंकलीय. पन्नास वर्षं तिथल्या मोठ्या गटात न उतरलेली कंपनी परत येते आणि पहिल्याच वर्षी जिंकते. त्या इंजिनाच्या भावंडाला रस्त्यावर आणायचं नाही तर कशाला आणायचं?

आणि नुसत्या इंजिनाची 900 अश्वशक्ती आहे. तीन लिटरमधून. टर्बोच्या आत विजेची मोटर बसवलीय, म्हणजे धुराची वाट न बघता तो आधीच फिरायला लागतो. पुढच्या चाकांना दोन मोटरी, मागे एक, सगळं मिळून 1200.

व्ही12_नाहीतर_बस

वारा, पाठांतर चांगलं आहे. पण ल मांच्या ड्रायव्हरला 24 तासांत इंधन पुरवायचं असतं, म्हणून तो व्ही6 वापरतो. एफ80 चा मालक रविवारी सकाळी दोन तास बाहेर काढणार. त्याला पुरवायचं काय आहे?

फेरारीच्याच मोदेना प्रांतात सान चेझारिओला गाड्या बनवणारे पगानी बसलेत. त्यांची युटोपिया, 99 कूपे (बंद छताच्या), मर्सिडीज-एएमजीचं व्ही12, 864 अश्वशक्ती. हाताने गिअर बदलायची सोय, गिअरचा दांडा उघडा, तो हलताना खालची सगळी यंत्रणा हलताना दिसते. मागे मोठा पंखसुद्धा नाही. आकड्यांत एफ80 तिला चारी मुंड्या चीत करेल, आणि तरीही दोन्ही समोर उभ्या केल्या तर मी किल्ली कुठली उचलेन हे सांगायला नको.

रेषा_आणि_रंग

युटोपियाचं आतलं काम मला जरा मिठाईच्या दुकानासारखं वाटतं. पण गिअरच्या दांड्याला पैकीच्या पैकी.

हिशेबी

युटोपियासुद्धा कर सोडून वीस लाखांच्या वरच होती. हौसेला मोल नाही म्हणतात ते दोन्हीकडे लागू. एकीकडे पैसे घड्याळजीला जातात, दुसरीकडे वाऱ्याच्या बोगद्याला.

तेलकट_हात

एक चांगली गोष्ट कुणीच लिहिली नाही. एफ80 च्या स्टिअरिंगवर खरी बटणं परत आलीत! मधल्या काळात त्यांनी स्पर्शाने चालणाऱ्या गुळगुळीत जागा केल्या होत्या, अंगठा कुठे पडला ते कळायचंच नाही. लोकांनी इतकी कुरकुर केली की शेवटी ऐकावं लागलं. पुढच्या मॉडेलांतही बटणं आलीत. म्हणजे कुरकुरीचा उपयोग होतो. पट्टीबद्दलही करत राहा.

जुना_कार्ब्युरेटर

बटणांबद्दल शंभर टक्के. आणि वारा, व्ही6 बद्दल तुमचं 288 आणि एफ40 चं उत्तर मला पटलं, ते लिहून टाकतो. सिलिंडर मोजायची माझी सवय चुकीची होती. किमतीबद्दल हिशेबींशी भांडायची माझी ताकद नाही, मी काही यादीत नाही.

पट्टीवर मात्र ठाम. पिवळ्या रंगातली पाहिली तर ती अजूनच अंगावर येते.

वाऱ्याशी_गप्पा

मग काळ्या रंगात घ्या. पट्टी दिसणारच नाही.

व्ही12_नाहीतर_बस

फेरारी, आणि काळी? नवीन धागा काढा, इथे मारामारी होईल.