मदत हवी आहे: अध्यक्ष बदलले, आता एफसीआरएचा एफसी-6ई फॉर्म कधी भरायचा?

पारनेर तालुक्यात पाणलोटाचं काम करणारा आमचा छोटा सार्वजनिक न्यास आहे. संस्थापक अध्यक्ष वयोमानाने पायउतार झाले. 7 पैकी 2 विश्वस्त बदलले. वाद काहीच नाही. ठराव झाल्याला आज 31 दिवस झाले. सार्वजनिक न्यासांच्या राज्य कायद्यातल्या कलम 22 चा बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याची नोंद करायचा) धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लगेच दाखल केला, पोच हातात आहे. सुनावणी व्हायची आहे.

अडलंय ते एफसीआरएपाशी, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यापाशी. पदाधिकारी बदलल्याचा एफसी-6ई 45 दिवसांत भरायचा असतो. सीए म्हणतात, आधी धर्मादायचा आदेश येऊ द्या. ओळखीच्या दोन संस्थांना विचारलं तर एक म्हणते भरून टाका, दुसरी म्हणते थांबा! तोवर परदेशी देणग्या जमा होतात त्या दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खात्याचा ओटीपी जुन्या अध्यक्षांच्याच मोबाईलवर जातो. ते शेतावर असतात आणि बांधावर चढल्याशिवाय रेंज येत नाही. गॅबियनच्या (दगड भरून बांध घालायच्या) जाळीचं बिल परवा असंच लटकलं.

एफसीआरए नोंदणीची मुदत संपायला अजून दोन वर्षं आहेत, म्हणजे नूतनीकरणाचा प्रश्न नाही. नुसता ठराव आणि बदल अर्जाची पोच जोडून कुणी एफसी-6ई भरलाय का? मंजूर झाला, की त्रुटी काढून धर्मादायचा आदेशच मागितला?