पंप मीच धुतला नव्हता

टोमॅटोवाला: मागच्या उन्हाळ्यात उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं आणि तोच पंप नुसता पाण्यानं खंगाळून टोमॅटोवर बुरशीनाशक फवारलं. चार दिवसांत शेंडे वाकडे, पानं बारीक होऊन दोरीसारखी पिळलेली. तडक रोपवाटिकेवर गेलो, 'व्हायरसची रोपं दिलीस' म्हणून चार लोकांत बोललो. राहिलेले ६,००० रुपये दिलेच नाहीत. खरं कारण आठवड्यातच कळलं होतं, कारण खराबी फक्त त्या पंपाच्या सऱ्यांत होती. तेव्हापासून बाजाराला कॅनॉलवरून फिरून जातो, रोपवाटिकावाल्याचं तोंड दिसू नये म्हणून. काय करू?

मळेकरी: पैसे घेऊन स्वतः जा. फोनवर माणूस हमखास 'पण' जोडतो.

ऊसकरी: वर्षानं कशाला उकरताय? पैसे गुपचूप पाठवा. आणि तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवा, लाल पट्टा मारून. टोमॅटो, कापूस, द्राक्षाला त्याचा अंशही सोसत नाही.

सुगरण: बदनामी चारचौघांत आणि भरपाई गुपचूप? वा!

टोमॅटोवाला: काल जाऊन आलो. त्या दिवशीचे दोघं तिथंच बसलेले. 'पंप मीच नीट धुतला नव्हता,' एवढंच बोललो, घसा कोरडा पडला. तो म्हणाला, 'पानं बघून मला तेव्हाच कळलं होतं. तू ऐकलं असतंस का?' पैसे दोनदा मोजून घेतले. चहा काही पाजला नाही. राग आहेच, असणारच. येताना मात्र सरळ रस्त्यानं आलो, दोन किलोमीटर वाचले.