कॅले इतकं जवळ असताना दोस्त राष्ट्रांचं सैन्य नॉर्मंडीलाच का उतरलं?

प्रश्न (शंकासुर):
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. इंग्लंडातल्या डोव्हरसमोर फ्रान्सचं कॅले जेमतेम ३३-३४ किमी, मग दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ ला एवढा लांबचा फ्रान्समधलाच नॉर्मंडीचा किनारा का निवडला? आणि तोवर रशियाने जर्मनीचं कंबरडं मोडत आणलं होतंच ना, मग डी-डेला, म्हणजे त्या ६ जूनच्या उतरण्याला, एवढं महत्त्व का देतात?

गडकरी_७२:
कॅले जवळ आहे हे हिटलरलाही दिसत होतं की! सगळ्यात भक्कम तटबंदी तिथेच, जर्मनांची पंधरावी आर्मी पण तिथेच. दोस्तांनी तो समज अजून पक्का केला, अमेरिकन जनरल पॅटनच्या नावाने डोव्हरकडच्या केंटमध्ये एक अख्खी खोटी आर्मी, नकली रणगाडे, खोटे वायरलेस मेसेज. शिवाय हुआन पुजोल, जर्मन ज्याला आपला हेर समजायचे तो ब्रिटिशांचा माणूस, त्याने ९ जूनला कळवलं की नॉर्मंडी ही हूल आहे, खरा हल्ला कॅलेवरच येणार. आणि त्यांनी विश्वास ठेवला.

बंदरवाला:
माझ्या मते खरा मुद्दा बंदराचा. ऑगस्ट १९४२ मध्ये फ्रान्सच्या दिएप बंदरावर सुमारे ६,००० जण उतरवले, बहुतेक कॅनेडियन, नऊशेच्या वर कॅनेडियन मेले आणि बंदर काही हाती आलं नाही. म्हणून मग ठरवलं की बंदर आपणच सोबत न्यायचं, म्हणजे बंदर नसलेल्या किनाऱ्यावरही उतरता येईल. काँक्रीटचे अवाढव्य पोकळ ठोकळे इंग्लंडात बांधून टगबोटींनी ओढत नेले, त्याला मलबेरी म्हणायचे, दोन होती. पहिल्या दिवशी दीड लाखावर माणसं उतरली हे सगळे सांगतात पण त्यांना रोज दारूगोळा, पेट्रोल, खाणं कुठून येणार हे कोणी विचारतच नाही! जूनअखेरपर्यंत साडेआठ लाख माणसं आणि दीड लाखाच्या आसपास गाड्या उतरवल्या, मला तर हेच सगळ्यात मोठं काम वाटतं. नॉर्मंडीतल्या आरोमांशला ते ठोकळे अजून दिसतात.

ओहोटी:
तारखेचं पण सांगतो. पॅराट्रूपर्सना रात्री चांदणं हवं, बोटींना पहाटे ओहोटी हवी म्हणजे जर्मन सेनापती रोमेलने वाळूत रोवलेले अडथळे उघडे पडतील. आमच्या कोळीवाड्यात तिथीवरून पाणी सांगतात तेच गणित, ६ जूनला पौर्णिमाच होती. ५ तारीख वादळामुळे हुकली, हवामानवाले स्टॅग म्हणाले ६ ला थोडी उघडीप मिळेल, दोस्तांचे सरसेनापती आयझेनहॉवरने हो म्हटलं. तेव्हा थांबले असते तर पुढचं पाणी १८-२० जूनचं, आणि १९ ला असं वादळ आलं की नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्याची मलबेरी पार मोडली. विचार करा, तेव्हा बोटी समुद्रात असत्या तर!

माणगावकर:
रशियाबद्दल तुमचं बरोबर आहे, जर्मन सैन्याचा मोठा भाग पूर्वेलाच अडकलेला आणि २२ जूनला रशियाने बेलारूसमध्ये प्रचंड हल्ला चढवला. पण दुसरी आघाडी उघडा म्हणून स्टालिनच १९४१ पासून मागे लागला होता. डी-डेमुळे जर्मनीला दोन्हीकडे तोंड द्यावं लागलं, २५ ऑगस्टला पॅरिस सुटलं. तिसरी, इटलीची आघाडी मात्र लोक विसरतात. रोम ४ जूनला घेतलं, दोन दिवसांत नॉर्मंडीच्या बातमीने ते झाकलं गेलं. इटलीत आपले मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान लढतच होते, १० जुलै १९४४ ला नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले, तिथेच पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्या माणगाव तालुक्यातले ते.