मदत हवी आहे: बाबा खुर्चीत झोपतात, गादीवर जागे!

नमस्कार मंडळी, आम्ही पंचवटीत राहतो, बाबा सातपूर एमआयडीसीतून रिटायर झालेत, आयुष्यभर शिफ्ट ड्युटी केलेला माणूस. जेवण झालं की टीव्हीसमोर खुर्चीत मान टाकून जोरजोरात घोरतात, हातातला रिमोट हळूच काढला तर डोळे न उघडताच म्हणतात "राहू दे, बघतोय मी" आणि तेच गादीवर पाठ टेकली की टक्क जागे, मग गॅस बंद केला का, गेटला कुलूप लावलं का, गंगापूर धरणातून पाणी सोडलंय का, सगळी चौकशी आईकडे, तिचीही झोप जाते बिचारीची. हसू येतं पण काळजी पण वाटते हो.

संध्याकाळची डुलकी रात्रीची झोप खाते आणि चहातलं कॅफिन 5-6 तासांनीही निम्मं अंगात उरतं हे सांगून झालं, पण चहा बंद म्हटलं की रुसतात. गोळी आपल्या मनाने अजिबात देणार नाही. घोरणं आणि दिवसा पेंग म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास मध्येच थांबतो तो आजार) पण असू शकतो ना, म्हणून तपासून घ्यायचंय.

नाशिकमध्ये स्लीप स्टडी (झोपेची तपासणी) कुणी केली आहे का, घरी मशीन लावून होते की अ‍ॅडमिट व्हावं लागतं, खर्च किती? आणि खुर्चीतून न चिडता उठवायचं कसं, तेही सांगा प्लीज 🙏